मागाच्या आवाजाखाली

आमच्या चर्चमध्ये हल्ली अन्य भाषांतली प्रार्थना, म्हणजे आत्मा जिभेवर आणतो ती बोलणाऱ्यालाही न कळणारी बोली, एका गाण्याएवढी चालते. कीबोर्डवाला सूर धरतो, लोक हात वर करतात, आणि नीट सुरू होते न होते तोच पाळक माइकवर आमेन म्हणून मोकळे होतात. मी मागच्या बाकावर बसून मनात म्हणतो, एवढ्यात तर जीभसुद्धा सैल होत नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. शास्त्रात कुठं काय लिहिलंय ते पाळकांना विचारा. पण लांब प्रार्थनेनं माणसाच्या आत काय होतं ते मी स्वतः अनुभवलंय, आणि ती सुटली की काय होतं तेही.

माझे वडील नगरकडून ग्वाल्हेरला आले ते मिलच्या नोकरीसाठी. पुढं मीही बिर्लानगरच्या मिलमध्ये मागावर लागलो. घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि उपासनाही हिंदीतच. तरुणपणी एकदा चर्चमध्ये प्रार्थना करायला उभा राहिलो, तर माझी मराठी वळणाची हिंदी ऐकून पुढच्या बाकावरची शिकलेली मंडळी माना खाली घालून हसली. त्यानंतर मी तिथं तोंड उघडलं नाही. पाळकांनी घरी येऊन समजावलं, बायकोनं समजावलं. नाही म्हणजे नाही.

मिलच्या चाळीत आमच्याच लाइनीत केरळची एक नर्स राहायची. तिच्या खोलीत संध्याकाळी प्रार्थनेला माणसं जमत. बायको मला ओढून घेऊन गेली. तिथं एक दिवस माझ्या तोंडून ती भाषा निघाली. हिंदी नाही, मराठी नाही, आणि चूक काढणारं कुणी नाही. आनंद झाला, पण आपलाच आवाज कानावर पडला तशी इतकी लाज वाटली की मी उठून चपला शोधायला लागलो. नर्स दारापर्यंत मागं आली.

"भैया, सूखा लगे तो उठना मत," ती म्हणाली. "बैठे रहना."

मी परत तिच्या खोलीत गेलो नाही. पण तिचं बोलणं डोक्यात राहिलं, आणि ते मला मागावर उपयोगी पडलं.

ज्यानं मिल आतून पाहिली नाही त्याला तो आवाज सांगून कळणार नाही. शेकडो माग एकदम चालतात, आडवा धागा नेणारे धोटे इकडून तिकडे आपटतात, जमीन हादरते. शेजारचा माणूस कानाशी येऊन ओरडला तरी ऐकू येत नाही, सगळं बोलणं हातवाऱ्यांनी. त्या आवाजाखाली मी प्रार्थना करायला लागलो. डोळे धाग्यावर, हात कामावर, आणि तोंडात ती भाषा. मोठ्यानं, अगदी घसा फाडून. माझं मलासुद्धा ऐकू येत नसे. मग लाज कसली?

सुरुवातीला काहीच होत नाही, हे मी आधीच सांगतो. तोंड चालतं आणि मन भाजीच्या भावात फिरतं. मुकादम काय बोलला, धाकट्या भावानं काय उलट उत्तर दिलं, सगळं वर येतं. मग कंटाळा येतो, जीभ कोरडी पडते. बहुतेक माणसं इथंच उठतात. मागावरून मला उठता येत नव्हतं, पाळी सुटल्याशिवाय जाणार कुठं? म्हणून मी पुढं गेलो. पुढं असं होतं की जे मनात वर आलेलं असतं ते एकेक करून खाली बसतं. आपण काही मागत नाही, कारण काय मागतोय तेच आपल्याला कळत नाही. आतला आत्मा मागतो, आपण नुसती जीभ देतो. माझ्यासारख्या अडेल माणसाला स्वतःच्या मर्जीतून बाहेर काढायला देवाला एवढा वेळ लागतच असणार.

शेजारच्या मागावरचा माणूस मला धर्म बाटवलेला म्हणून टोमणे मारायचा. माझ्या सुताच्या चांगल्या कांड्या उचलून स्वतःच्या मागाला लावायचा आणि मला तुटक्या ठेवायचा. एक दिवस मी ठरवलं, पाळी सुटली की फाटकाबाहेर ह्याची कॉलर धरायची. तेवढं ठरवून प्रार्थना सुरू केली. भोंगा झाला तेव्हा राग शोधला तर सापडेना. त्याला म्हटलं, चल, चहा पिऊ. तो इतका घाबरला की चहा संपेपर्यंत माझ्या हाताकडेच बघत होता. पुढं आमचं बरं जमलं.

बायकोला ह्यातलं फार ठाऊक नव्हतं. घरी आलेला नवरा शांत असतो, ताटावर ओरडत नाही, एवढं तिला दिसे. एकदा मी तिला कारण सांगितलं. ती हरखली. म्हणाली, माझ्यासमोर एकदा करा, मला ऐकायचंय, मी पण शेजारी बसेन. मी म्हणालो, ते ऐकायचं नसतं.

मग मिल बंद पडली. माग थांबल्यावर बिर्लानगर इतकं शांत झालं की पलीकडच्या घरात कुणी खोकलं तरी ऐकू यायचं. मी एका सकाळी गच्चीवर जाऊन बसलो, तोंड उघडलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपला आवाज पुन्हा ऐकला. वाटलं, खालून कुणी हसतंय. हसत नव्हतं बहुतेक. मी आवाज बारीक केला. मग कुजबूज. मग नुसते ओठ. मग जेवायच्या आधीची लहानशी प्रार्थना तेवढी राहिली.

पुढं सिटी सेंटरमध्ये एका बँकेच्या दारावर चौकीदारी केली. त्या वर्षांत मी घरात काय काय बोललो ते लिहीत नाही. ज्यांना बोललो त्यांना आठवतंच आहे. लोक म्हणायचे, मिल गेली म्हणून स्वभाव बिघडला. मिल गेली त्याचं दुःख होतंच. पण त्या आवाजाखाली जे दुसरं चालत होतं तेही गेलं होतं, आणि ते मला एकट्याला माहीत होतं. एकट्याला कसं, बायकोलाही माहीत होतं. ती मधून मधून विचारायचीच. शिंदे की छावनीत ह्या घरी राहायला आलो त्या दिवशी सामान लावून झाल्यावर म्हणाली, नवीन घर आहे, आता तरी बसूया दोघं. मी म्हणालो, भिंती पातळ आहेत. खरं तर भिंती चांगल्या जाड आहेत.

मग तिचे कान गेले. हळूहळू गेले, म्हणून आधी आम्हाला वाटलं ती लक्ष देत नाही. मुलगा मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेला, मशीन आणून दिलं. त्यातून तिला नुसती शिट्टी ऐकू येई. ते आता डबीत पडून आहे. ती आमच्या ओठांकडे बघून अर्धं समजते आणि अर्धं मनानं लावते.

गेल्या थंडीत एका सकाळी मी चहा घेऊन बसलो होतो. ती समोर येऊन बसली आणि बरंच मोठ्यानं म्हणाली, कारण स्वतःचा आवाजही तिला आता समजत नाही, "अहो, आता तर लाज नको. मी ठार बहिरी झालेय."

आणि हसली. मला हसू आलं नाही. तरी मी बसलो. तिनं खुर्ची माझ्या मागं ओढली आणि तळहात माझ्या पाठीवर ठेवला.

सुरुवातीचे किती तरी दिवस कोरडे गेले. जीभ लाकडासारखी, घसा बसलेला, गुडघे दुखतात. थांबलो की पाठीवर दोन बोटं टोचायची. "झालं एवढ्यात?" तिला ऐकू येत नाही, पण पाठीतली थरथर थांबली की हाताला लगेच कळतं. मग मी पुन्हा सुरू करायचो. असं करता करता एके दिवशी ती भाषा पहिल्यासारखी सुटली. एवढा वेळ कसा गेला कळलं नाही. वळून पाहिलं तर बायकोचे डोळे मिटलेले आणि तिचेही ओठ हलत होते. काय म्हणत होती मी विचारलं नाही. पोळी करपली तरी आता मी ओरडत नाही, असं सून मुलाला सांगत होती, ते मी ऐकलं. माझे कान शाबूत आहेत.

लोकांना वाटेल, मग शेवट गोड झाला. झाला असेल. पण तिच्या कानांत जेव्हा ऐकायची ताकद होती, तेव्हा आमच्यात एका खोलीचं अंतर होतं आणि मी ते ओलांडलं नाही. प्रार्थना परत आली, तिचे कान काही परत आले नाहीत. त्यासाठीही मी मागून पाहिलं, मराठीत, स्पष्ट.

परवा प्रार्थना झाल्यावर तिनं हात काढला नाही. मी वळलो.

"कसा आहे हो आवाज?" तिनं विचारलं. "खरखरीत लागतो हाताला. मोठा आहे का?"

मी हात इकडून तिकडे नेऊन धोटा फेकायची खूण केली. मागासारखा. ती हाताकडे बघत राहिली, मग तिनं मान हलवली, कळलं म्हणाली. पण माग तरी तिनं कुठं ऐकला होता? डबा घेऊन फाटकापर्यंत यायची, बायकांना आत सोडत नसत, आणि फाटकाशी नुसती लांबची घरघर यायची.

"उद्या जरा लवकर बसू," ती म्हणाली, आणि चहाचे कप उचलून आत गेली.