चिक्कीच्या खोलीतलं स्टोरेज

आमच्या साडूंच्या हाती सृष्टीचा कारभार दिला असता, तर त्यांनी तेहेतीस कोटी देव एकाच देव्हाऱ्यात बसवून बाकीची देवळं रिकामी करून घेतली असती. माणूस भला, पण 'एकत्र करा' या रोगाने पछाडलेला. घरातले सगळे रिमोट त्यांनी एकाच दोरीत ओवलेत. टीव्ही लावायला गेलं की पंखाही मांडीवर येतो.

लोणावळा, खंडाळा आणि भुशीला एका मालकाची हॉटेलं आहेत. तिथल्या कॉम्प्युटरांची काळजी साडूंकडे. प्रत्येक काउंटरखाली एकेक सर्व्हर, आणि प्रत्येक मॅनेजर त्याला घरजावयासारखा जपणारा. साडूंनी ठरवलं, सगळ्यांचा डेटा लोणावळ्यात एका मोठ्या स्टोरेजवर आणायचा. ज्याला जे हवं ते त्याने नेटवर्कवरून तिथूनच घ्यावं. मॅनेजर रुसले. साडूंनी त्यांना ऐकवलं, वेगळ्या चुली मांडल्या की जळण जास्त लागतं. आता लोणावळ्याच्या पावसाळ्यात कोरडी राहणारी खोली एकच, हॉटेलच्या चिक्कीची. यंत्र तिथे बसलं आणि आठवड्याभरात मुंग्याही एकत्र आल्या. साडू डगमगले नाहीत. दुधाच्या कपाटाला ठेवतात तशा पाण्याच्या वाट्या त्यांनी यंत्राच्या पायांखाली ठेवल्या. आणि काय सांगू, चाललं की हो ते!

खंडेनवमीला यंदा सगळ्या हॉटेलांची मिळून एकच पूजा. साडूंनी मोठ्या हौसेने गावाहून आईला आणलं. मावळात त्यांचं घर. वडील गेल्यावर साडू धरून तिघा भावांनी एकाच अंगणात तीन चुली मांडल्या, आणि आई महिन्यामहिन्याने एकेकाकडे जेवते. आईने स्टोरेजला हळदकुंकू वाहिलं, लेकाचं व्याख्यान शेवटपर्यंत ऐकलं, मग शांतपणे म्हणाली, "समद्यांचं हितं एका जागी आणलंस, लय ब्येस केलंस. उद्या दसऱ्याला मी कुणाकडं जेवायचं, तेवढं सांग."

साडू यंत्राखालच्या भरलेल्या वाट्यांत पुन्हा पाणी ओतायला लागले. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते आपट्याची पानं घेऊन दोन्ही भावांच्या दारात गेले. काय बोलणं झालं कुणास ठाऊक. चुली तीनच राहिल्या, अजूनही आहेत. पण त्या दुपारी तिन्ही घरांच्या पुरणपोळ्या पडवीत एका ताटात आल्या, आणि कुठली कुणाची हे न विचारता म्हातारी पोटभर जेवली. साडू शेजारी बसून ताटाकडे मुंग्या येतायत का, तेवढंच बघत होते.