फिकट टिंब

ऑफिसात त्यांना सगळे भिंगकाका म्हणत. पडद्यावरचं अक्षर भिंगातून पाहिल्याशिवाय त्यांचा जीव थाऱ्यावर येत नसे. दवाखान्यात नळीतून औषध सोडणारा पंप असतो, त्याच्या तळहाताएवढ्या पडद्यावरचे आकडे बसवणं हे त्यांचं काम. तीस वर्षं तेच. पडदा म्हणजे बारीक चौकटींची जाळी. काका प्रत्येक आकडा ओढूनताणून नेमका चौकटींत बसवत. आकडे ठसठशीत दिसत, पण अंतरं बिघडत. कुठे खेटून, कुठे फटकून.

नव्या इंजिनिअरबाईंना ते खुपलं. "काका, आता आकडा पाव-अर्ध्या चौकटीवरही ठेवता येतो. कडा जरा करड्या होतात, पण ओळ कशी सुबक दिसते!"

काकांना कडा धुरकट वाटल्या. पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटे. "बरं आहे," म्हणत त्यांनी नव्या आकड्यांवर सही केली.

चार महिन्यांनी थोरल्या बहिणीला दवाखान्यात ठेवलं. काका सकाळी भेटायला गेले आणि दारातच थिजले. खाटेशी त्यांचाच पंप होता. पडद्यावर आकडा होता २५.

एवढ्या औषधाने माणूस उरत नाही. ते जवळ गेले. आकडा २.५ होता. टिंब एकाच चौकटीचं. ते नेमकं दोन चौकटींच्या सीमेवर पडून दोघींत अर्धं अर्धं वाटलं गेलं होतं, विरल्यासारखं. टेबलाशी नाक लावून त्यांनी ते शंभरदा तपासलं होतं. दारातून कधीच नाही.

"काय रे, भूत पाहिलंस?" ताई म्हणाली.

"तू बरी आहेस ना? छातीत धडधड?"

"तुझं तोंड बघून सुरू झालीय."

तेवढ्यात सिस्टर आल्या. दारातूनच पडद्यावर नजर टाकून कागदावर लिहू लागल्या.

काका पुढे झाले. "सिस्टर... किती लिहिलंत?"

"पंचवीस. का?"

"अडीच आहे ते."

"तुम्ही डॉक्टर का, आजोबा?"

"नाही. तो आकडा मी बसवलाय."

सिस्टर वाकल्या. पेन हातातच राहिलं. "अगं बाई! औषधाची नवी पिशवी लावताना दुपारची सिस्टर याच कागदावरून पंप लावणार होती."

काकांनी तिथूनच इंजिनिअरबाईंना फोन लावला. "सगळे पंप परत जुन्या आकड्यांवर आणा. आजच. सही माझी आहे."

"काका, चाळीस दवाखान्यांत गेलेत ते. कुठे कोणी चुकीचं वाचलं असेल का हो?"

काकांनी त्या दवाखान्यांची यादी मागितली, ताईच्या खाटेच्या कडेवर बसले आणि पहिला नंबर फिरवला. पलीकडे घंटी वाजत होती. कोणीतरी फोन उचलला.

"पंपाजवळ जा," काका म्हणाले. "अगदी जवळ. आणि आकडा मला टिंबासकट वाचून दाखवा."