अजमतबींचं कमी जेवण

दोन हजार एकोणीसच्या रमजानात अजमतबी फार कमी जेवत होत्या, आणि त्याचं सगळ्यांत जास्त कौतुक त्यांच्या नवऱ्यानेच केलं. पुढे जे झालं ते कौतुकामुळे झालं असं कोणी म्हणणार नाही. दुखणं आधीच आत येऊन बसलेलं होतं. पण ते वेळेवर ओळखलं असतं तर बाई वाचल्या असत्या का, या प्रश्नाचं उत्तर त्या नवऱ्याला, जलालुद्दीन शेख यांना अजून मिळालेलं नाही.

जलालभाई कडा गावच्या एका दूध संस्थेत तपासनीस. दहावी झाल्या झाल्या चिकटले ते कायमचे. आधी हाताने फिरवायच्या यंत्रावर आणि नंतर विजेच्या मशीनवर, पण दुधाची फॅट त्यांनीच बघायची असा संस्थेचा शिरस्ता होता. त्यांच्या नजरेतून पाणी घातलेलं दूध सुटत नसे. नुसतं पाणीच नाही, जनावराचं दुखणंसुद्धा त्यांना दुधात दिसायचं. त्या उन्हाळ्यात तालुक्यातली निम्मी जनावरं चारा छावणीत होती. आप्पाराव नावाचे एक सभासद छावणीतून दूध घेऊन आले, तेव्हा जलालभाईंनी तपासणीची नळी उजेडाकडे धरली आणि सांगितलं, की तुमची गाय दोन दिवसांपासून चारा टाकतीय, आजच डॉक्टरला दाखवा. आप्पारावांनी आधी मानलं नाही. संध्याकाळी दाखवलं. गाय वाचली. ही गोष्ट त्यांनी महिनाभर सगळ्यांना सांगितली.

अशा या मोजून-मापून वागणाऱ्या माणसाला जेवणाचं माप मात्र कधी साधलं नव्हतं. रमजानात तर नाहीच. दिवसभर कडक रोजा, थुंकीसुद्धा गिळायची नाही, आणि सूर्यास्ताला मगरिबची अजान झाली की भजी, तळलेल्या मिरच्या, समोसे, वर लाल सरबताचे दोन-तीन ग्लास. आदल्या साली रात्रीच्या तरावीहच्या नमाजात ते उभ्याचे खाली बसले ते उठेचनात. शेजारच्याने धरून घरी आणलं. तपासणीत साखर निघाली. डॉक्टर जुन्या ओळखीचे होते. ते म्हणाले, "जलालभाई, रोजा पोटाला विसावा द्यायला असतो का पोटावर सूड उगवायला?"

हे वाक्य त्यांना लागलं. वर्षभर त्यांनी ते मनात धरून ठेवलं आणि पुढचा रमजान आला तसं संस्थेच्या जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं करून त्यावर सुवाच्य अक्षरात नियम लिहिले. तीन खजूर आणि पाणी, तेही घोट घोट. मग नमाज. नमाजनंतर एक भाकरी, डाळ, असली तर भाजी. तळण महिनाभर बंद. प्रत्येक घास सावकाश चावून खायचा. पहाटेची सहरी चुकवायची नाही. तंबाखू बंद, आवाज चढवायचा नाही, टीव्ही संध्याकाळनंतर नाही. चांगली सवय तीस दिवस नेटाने धरली तर ती पुढे आपल्याला धरते, असं त्यांचं म्हणणं. ते पान त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीला लावलं आणि अजमतबींना वाचून दाखवलं. अजमतबींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

घरात दोघंच. एकुलती लेक अकबरी बीडला दिलेली. त्यामुळे दस्तरखानवर समोरासमोर दोघंच बसायची. जलालभाईंना पहिले चार दिवस फार जड गेले. हात आपोआप दुसऱ्या भाकरीकडे जायचा. अशा वेळी ते बायकोकडे बघत. अजमतबी एकच खजूर घेत. तोही पाण्यात भिजवून, बोटांनी कुस्करून, ते पाणी पीत. भाकरीचा चतकोर तुकडा डाळीत मऊ करून ठेवत आणि त्यातला चिमटीएवढा घास तोंडात घेऊन कितीतरी वेळ चावत बसत. मधेच उठून आत जात. सहरीला तर नुसतं ज्वारीचं आंबील. जलालभाई म्हणाले, आणखी घे. त्या म्हणाल्या, "बस है जी. इत्ताच बस है."

जलालभाईंना वाटलं, आपण नियम लिहिले, पण पाळले हिने.

हे कौतुक त्यांच्या पोटात राहिलं नाही. खरं तर कौतुक हा त्यांचा स्वभाव नव्हता. चौतीस वर्षांच्या संसारात भाजी चांगली झाली तरी ते काही बोलत नसत. बिघडली तरच बोलत. पण त्या रमजानात मशिदीत इफ्तारीला बसलेल्या लोकांना ते म्हणाले, की तुम्ही इथे ताटं भरून घेता, आमच्या घरी येऊन बघा, अजमत एका खजुरावर रोजा सोडते आणि चेहऱ्यावर नाराजी नाही. मौलानांनी शुक्रवारी तोच दाखला दिला. दुष्काळाचं साल होतं, टँकर आठ दिवसांनी यायचा, हिरवी भाजी डोळ्याला दिसत नव्हती. अशा वेळी कमी खाणाऱ्या बाईचा दाखला लोकांनाही पटला. गल्लीतल्या बायका अजमतबींकडे येऊन विचारू लागल्या, की भाबी, तुम्हाला भूक कशी आवरते. त्या हसत. एक-दोघींनी आपापल्या घरी तळण बंद केल्याचंही त्यांना येऊन सांगितलं. त्या दिवशी अजमतबींनी ठेवणीतली ओढणी काढून अंगावर घेतली होती, एवढं जलालभाईंच्या लक्षात आलं. बाकीचं आलं नाही.

ते मालनबाईंच्या लक्षात आलं. मालनबाई म्हणजे संस्थेचा दुधाचा टेम्पो चालवणाऱ्या शहादेवची बायको. बौद्धवाड्यात घर, पण टँकर एकाच चौकात लागायचा आणि दोघी वर्षानुवर्षं एकमेकींची भांडी धरत आलेल्या. एका सकाळी मालनबाई संस्थेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, भाबीकडं बघा जरा. काल अर्धी कळशी उचलंना त्यांना. चौकातच बसल्या खाली. लई वाळल्यात."

"रोजा हाय, मालनबाई. त्यात हे ऊन," जलालभाई म्हणाले. "मी न्हाई का वाळलो? पट्टा दोन घरं आत आला."

"तुमचा पट्टा आत येऊ द्या, तुमाला पोट व्हतं. त्यांचं काय व्हतं आत यायला?"

शहादेव बाजूला कॅन चढवत होता, तो हसला. जलालभाईही हसले. त्यांनी मालनबाईंना समजावून सांगितलं, की कमी खाण्याने माणूस मरत नाही, जास्त खाण्याने मरतो. हे डॉक्टरांचं म्हणणं आहे आणि धर्माचंही. मालनबाईंनी ऐकून घेतलं, पदर सावरला आणि निघून गेल्या. त्या दिवशी घरी गेल्यावर जलालभाईंनी अजमतबींना विचारलं, बरं वाटत नाही का. त्यांनी सांगितलं, उन्हानं चक्कर आली. ते कारण खोटं वाटण्यासारखं नव्हतं. ऊन त्रेचाळीसवर होतं.

एकविसाव्या रोज्याला अकबरी शेवटच्या दहा दिवसांसाठी माहेरी आली. दारातच आईला मिठी मारली आणि तिचे हात आईच्या पाठीवर थबकले. संध्याकाळी तिने आईसाठी मऊ खिचडा केला, शिजवून शिजवून पार एकजीव केलेला. इफ्तार झाली, जलालभाई नमाज पढून घरी आले, तिघं जेवायला बसली. अजमतबींनी दोन घास घेतले आणि नेहमीसारख्या उठून आत गेल्या. अकबरी मागोमाग गेली. थोड्या वेळाने ती एकटीच बाहेर आली आणि वडिलांसमोर उभी राहिली.

"अब्बा, अम्मीनं सगळी भाकरी शेवटची कधी खाल्ली?"

जलालभाई आठवू लागले. कोणत्या सभासदाच्या दुधाला गेल्या सोमवारी किती फॅट लागली होती हे त्यांना वही न उघडता सांगता आलं असतं. रोज समोर बसणाऱ्या बाईने शेवटची भाकरी कधी खाल्ली, ते त्यांना सांगता येईना. शबेबारातला, रमजानच्या पंधरा दिवस आधी? त्या दिवशी हलवा-पुरी केली होती. पुरीचा घास अडकला म्हणून ती खोकली होती, पाणी प्यायली होती. त्यानंतर?

"आतमधे ओढणीत घास थुंकती ती," अकबरी म्हणाली. "जात न्हाई खाली. छातीत अडकतो. पाणीसुदा दमानं जातं. दीड महिना झाला अब्बा."

जलालभाई भिंतीवरच्या कागदाकडे न बघता उठले आणि आत गेले. अजमतबी मोरीजवळ बसून ओढणीचं टोक धूत होत्या. जलालभाईंनी विचारलं, का सांगितलं नाहीस. त्या ओढणी पिळत राहिल्या. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाल्या, ईद होऊ द्या, मग जाऊ. रोजे पुरे होऊ द्या. जलालभाई म्हणाले, आजारी माणसाला रोजा माफ असतो, हे तुला मी सांगायला पाहिजे का? त्यांनी मान हलवली. पण रोजा त्यांनी सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेचं दूध पोचवायला टेम्पो नगरला जाणारच होता. शहादेवने मागे कॅन दाटीने लावले आणि पुढच्या सीटवर गोधडी अंथरली. अजमतबी मधे, अकबरी खिडकीशी. जलालभाई मागे कॅनच्या दाटीत उभे राहिले. दवाखान्यात नर्सने विचारलं, दुर्बिणीनं बघायचंय, उपाशीपोटी आलात ना? अजमतबी तेवढ्या वेळात एकदाच हसल्या. "रोजाच है, बाई."

अन्ननलिकेत गाठ होती, आणि तिने लिव्हरला हात घातलेला होता. डॉक्टरांनी तिघांनाही बसवून नीट सांगितलं. जलालभाईंनी एकच विचारलं, की शबेबारातच्या वेळी आणलं असतं तर? डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागद उलटेपालटे केले आणि म्हणाले, तसं नक्की सांगता येत नाही. कदाचित ऑपरेशनचा विचार करता आला असता. त्या 'कदाचित'ने जलालभाईंचं जे केलं ते नुसत्या 'हो'ने किंवा 'नाही'ने झालं नसतं.

ईद झाली. शीरखुर्मा शेजारून आला तसाच झाकून राहिला. पोटात नळी बसवली, तिच्यातून दर दोन तासांनी पातळ करून द्यायचं. ते काम जलालभाईंनी कोणाला करू दिलं नाही. संस्थेतून अर्धा दिवस रजा घेत. दूध गाळून, कोमट करून, पिचकारीने हळूहळू सोडत. एक दिवस अजमतबींनी हात वर करून बस म्हटलं, तसे ते म्हणाले, अजून थोडं, अजून थोडं घे. ज्या माणसाने महिनाभर हात आखडायला शिकवलं, तो आता चमचाभर जास्त जावं म्हणून गयावया करत होता. तेव्हाच कधीतरी त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, की तेव्हा का बोलली नाहीस. मालनबाई पायथ्याशी बसलेल्या होत्या. अजमतबींनी त्यांच्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"चौतीस साल में पैली बार तुम चार लोगां में मेरा नाम लिये," त्या म्हणाल्या. "कैसा बोलती मैं?"

जलालभाईंनी पिचकारी खाली ठेवली. मालनबाई उठून बाहेर गेल्या आणि ओट्यावर बराच वेळ तोंडाला पदर लावून बसल्या.

ईदनंतर तीन महिन्यांनी, मोहरमच्या महिन्यात, एका गुरुवारी दुपारी अजमतबी गेल्या. दफनाला गल्ली होतीच, संस्थेचे सभासदही होते. लोक सांत्वनाला म्हणाले, की रोजे पुरे करून गेली, नशीबवान बाई. जलालभाईंनी मान हलवली नाही.

नियमांचा तो कागद त्यांनी फाडला नाही, पण कोणाला वाचूनही दाखवला नाही. स्वतः मात्र अजून तसेच जेवतात. साखर आटोक्यात आहे, तंबाखू सुटली ती सुटलीच. मशिदीतल्या इफ्तारीत ते आता लवकर जाऊन एका कोपऱ्यात बसतात. कमी खाणाऱ्याची तारीफ करत नाहीत आणि जास्त खाणाऱ्याला टोकत नाहीत. कोणी ताट अर्धं ठेवून उठायला लागलं की सरकत सरकत त्याच्याजवळ जातात आणि हळूच विचारतात, की आवडलं नाही, का खाली जात नाही? काहींना राग येतो. तरुण पोरं आपसात म्हणतात, जलालचाचांचं डोकं चाची गेल्यापासून ठिकाणावर नाही.

यंदा रमजान सरल्यावर एकदा संस्थेत दुपारी डबा खाताना शहादेवने अर्धी भाकरी परत फडक्यात बांधली. जलालभाईंचं जेवण केव्हाच झालं होतं. ते हात धुवायला उठले नाहीत.

"का रे?"

"काय का? भूक न्हाई. सकाळी वडापाव खाल्लता नगरमधी."

"गिळताना दुखतं का?"

"न्हाई ओ. खरंच न्हाई."

जलालभाई तसेच बसून राहिले, उष्टा हात पुढे धरून, त्याच्या गळ्याकडे बघत. शहादेवने थोडा वेळ वाट पाहिली. मग फडकं सोडलं, भाकरी बाहेर काढली आणि भूक नसताना शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. त्याने वर पाणी प्यायल्यावर जलालभाई उठले.