कुंबाऱ्याला धाडलेला कागद

एवदोकियाच्या बाप्तिस्म्यात तेल माखलेली पोर ज्याने हातांवर झेलली, तो पांदेलिस स्तामातियाचा कुंबारोस, तिच्या लेकीचा धर्मपिता. रक्ताचा नाही, पण रक्ताहून जवळचा. अशा माणसाकडे लेखी काही मागणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. आणि ओकली उपनगरातल्या तिच्या दुकानाचा मालकही नेमका तोच.

दुकान बाप्तिस्म्याच्या कपड्यांचं. साथ आली, चर्चला कुलूप लागलं आणि झगे काचेआड लोंबकळत राहिले. एप्रिलमध्ये तिने भीतभीत फोन केला, "कुंबारे, दुकान उघडेपर्यंत भाडं कमी करा." पांदेलिसने सवयीप्रमाणे बोकडासारखा घसा खाकरला. "अगं, मी काय मेलोय का? बघू की आपण!" ती निर्धास्त झाली.

ऑगस्टमध्ये पांदेलिसच्या एजंटाचं पत्र आलं. थकलेलं सगळं भाडं चौदा दिवसांत भरा, नाहीतर कुलूप बदलू.

"आई, तू एप्रिलमध्ये अर्ज केला होतास ना?" एवदोकिया फोनवर कडाडली. "मदतकेंद्रातली बाई म्हणाली, लेखी अर्ज आणि धंदा बुडाल्याचा पुरावा दिला की कुलूप लावता येत नाही. धंदा पडला त्या मानाने भाडंही कमी होतं. पण अर्जाच्या तारखेपासून!"

"फोन केला होता की."

"फोन म्हणजे अर्ज नव्हे!"

"कुंबाऱ्याला कुणी अर्ज करतं का गं?"

"आणि कुंबाऱ्याला कुणी एजंट लावतं का?"

अर्ज एवदोकियाने लिहून दिला. धाडायला मात्र स्तामातियाचं बोट धजेना. बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी सकाळी तिने क्रूसाची खूण केली, डोळे मिटले आणि बटण दाबलं.

दुपारी दुकानाच्या काचेवर पांदेलिसची अंगठी वाजली. टक, टक, टक. मास्क हनुवटीखाली, डोळे लाल.

"टाळेबंदीत घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे आलाय, कुंबारे. पोलीस धरतील."

"धरू देत! सांगेन, माझी कुंबारा मेली, मातीला आलोय!" तो खाकरला. "मला कागद? मला, पांदेलिसला? मागे घे तो. दोन महिन्यांचं भाडं सोडतो. शब्द देतो."

अर्जाआधीच्या महिन्यांचं भाडं तर स्तामातियाच्या अंगावरच होतं. दोन सुटले तर? तिने दार बोटभर उघडलं.

"हेच लिहून द्या. लगेच मागे घेते."

पांदेलिसने नुसत्या भुवया चढवल्या, मान मागे झटकली, "च्च."

गावाकडचा नकार तो. शब्दाविना, पण पक्का. आणि तिला एकदम उमगलं. एप्रिलमध्ये 'बघू' म्हणताना याने हीच मान झटकली असणार. फोनवर मान कुठे दिसते?

"मग अर्ज आहे तिथेच राहील," ती म्हणाली.

"इस्टरला माझा उंबरा चढू नकोस!"

"बरं."

तो गेला. अंगठी नंतर बराच वेळ तिच्या कानांत वाजत राहिली.

चौदाव्या सकाळी ती किल्ली मुठीत आवळून दुकानाशी आली. कुलूप जुनंच दिसत होतं, पण दिसण्याचा भरवसा आता तिला उरला नव्हता. किल्ली घातली. अडली. श्वास धरून तिने पुन्हा रेटली.

फिरली.

आत शिरण्याआधीच फोन वाजला. एजंट होता, आवाज मधासारखा. "मॅडम, तुमचा अर्ज पोचलाय. विक्रीचे आकडे धाडाल का?"

"लेखी विचारा," स्तामातिया म्हणाली.