अर्धा तास एकटं बसायचं

मॅडमनी चिठ्ठीवर गोळी काही लिहिली नाही. म्हणाल्या, "बेन, रोज अर्धो कलाक एकला बेसवानुं. शांतिथी. मोबाइल पण नहीं. बस, आ ज दवा." आणि घंटी वाजवली, म्हणजे मी उठायचं.

सयाजीगंजकडच्या त्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांच्या खोलीची कडी तुटलीये, त्यामुळे दार उघडंच असतं. भिंतीवर पोस्टर आहे की मनातलं मोकळेपणाने बोला, आणि दारात दहाबारा जणं उभी असतात, तुमचं मोकळेपण ऐकायला. मी म्हटलं छाती धडधडते, श्वास पुरत नाही. मॅडमच्या आधी दारातले एक काका बोलले, "गॅस हशे."

गॅस नव्हता. झालं असं की मुलगी झाल्यावर मी रेशनच्या दुकानात अंगठा द्यायला गेले तर मशीन माझा अंगठा घेईना. भांडी घासून, दुपटी धुऊन रेषाच पुसल्या असतील. दुकानवाला म्हणाला, "नाम कपाई जशे." एवढंच बोलला तो, बिचारा पुढच्याला गहू द्यायला लागला. पण मी आठवीपर्यंतची, आठवीची परीक्षा पण दिली नाही, मला वाटलं कार्डातून नाव गेलं म्हणजे घरातून गेलं, घरातून गेलं म्हणजे मुलगी कोणाची? तेव्हापासून दार वाजलं की धडधड, कोणाच्या हातात कागद दिसला की धडधड. मुलीला आंघोळ घालताना वाटायचं, आता सुटली हातातून. एकदा तर तिला ओलीच पाटावर ठेवली आणि ओरडत बाहेर पळाले.

त्या दिवशी सासूबाईंनी सांगून टाकलं, "महिन्याभरात ठीक झालीस तर ठीक, नाहीतर पोरगी जळगावला ताईकडे. तुझ्या हातात लेकरू द्यायची मला भीती वाटते." ताई म्हणजे माझी नणंद. मला तर माझीच भीती वाटत होती, त्यामुळे भांडता पण येईना.

म्हणून अर्धा तास बसायचंच होतं. पण कुठे? पाणीगेटला आमची एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यात सासू, सासरे, दीर, हे, मी आणि आठ महिन्यांची मुलगी. हे कंपनीत, म्हणजे कंपनीच्या ठेकेदाराकडे, बारा तासांची पाळी, आले की झोपतात, तेव्हा भांडं पण वाजवायचं नाही. संडासात जाऊन बसले तर पाचव्या मिनिटाला दिराने दार ठोकलं, "वहिनी, आत कारखाना काढलाय का?"

मग बाहेर शोधलं. भाजी आणायच्या नावाने कमाटीबागेत गेले, बाकावर डोळे मिटले, तर एक आजी चिकटून बसल्या. "केम बेटा, सासरेथी काढी मूकी?" मी नाही म्हटलं तर त्यांना वाईटच वाटलं. दुसऱ्या दिवशी सुरसागर तळ्याच्या कठड्याजवळ बसले. तिथे तीन माणसं लांबूनच हात जोडत आली, "बेन, बाळबच्चांनुं विचारो!" चौथा मोबाइलवर शूटिंग घेत होता. मी म्हटलं, भाऊ, मी फक्त शांत बसलेय, डॉक्टरांनी सांगितलंय. तो म्हणे, "बधा एवुं ज कहे छे," म्हणजे सगळे असंच म्हणतात. खंडेराव मार्केटात एका ओट्याला टेकून उभी राहिले तर भाजीवाली "शुं आपुं, शुं आपुं" करत राहिली, शेवटी लाज वाटून दोन किलो सुरण घेऊन घरी आले. आमच्याकडे सुरण कोणी खात नाही.

आपल्याकडे बाई उभी असली तर कोणाची तरी वाट बघत असते आणि बसलेली असली तर तिचं काहीतरी बिघडलेलं असतं. नुसती बसलेली बाई कोणी बघितलेलीच नाही.

अशात सासूबाईंनी मला कार्डाच्या केवायसीला कचेरीत पाठवलं. मुलगी त्यांच्याकडे. "आज करूनच ये." मला जाताना वाटेतच घाम. तिथे पोचले, टोकन मिळालं एकशे बारा. चालू होता तीस. भिंतीला लागून बाकडं, वर पंखा. बसले. कोणी काही विचारलं नाही. कोणी म्हणजे कोणीच नाही! एकटी का, कोणाची, नवरा कुठाय, काही नाही. शेजारी एक बाई तोंड उघडं टाकून झोपलेली, तिला पण कोणी उठवत नव्हतं. रांगेत बसलेलं माणूस कामात असतं ना. मी डोळे मिटले, आणि माझा श्वास खाली पोटापर्यंत गेला, कितीतरी महिन्यांनी.

मग एकशे दहा ओरडले, आणि खिडकीत मला ते अंगठ्याचं मशीन दिसलं, लाल दिवा लागलेला. परत धडधड. माझा नंबर आला तशी मागच्या बाईला म्हटलं, "तमे जाओ ने." तिने मला आशीर्वाद दिला. नंतर मी तिच्या मागच्याला पण जाऊ दिलं, असं करत करत खिडकी बंद झाली.

घरी सासूबाई दारातच. "झालं?"

"सर्वर डाऊन होता."

कुठून सुचलं मला माहीत नाही. सासूबाईंनी कपाळाला हात लावला आणि सरकारला ज्या शिव्या घातल्या, मी ऐकतच राहिले. त्या घरात पहिल्यांदा शिव्या माझ्यावरून पलीकडे गेल्या. "उद्या परत जा," म्हणाल्या.

गेले. तीन आठवडे गेले. सासऱ्यांना पेन्शनसाठी जिवंत असल्याचा दाखला लागतो, त्यांच्यासाठी जागा धरून बसले. शेजारणीचा जन्मदाखला, तिच्या जावेचं आधार, सगळ्यांची रांग मीच लावायची. गल्लीत म्हणायला लागले, सून किती कामाची! आणि खरंच सांगते, मुलीला आंघोळ घालताना हात थरथरायचे थांबले. साबण लावून पालथी घातली तरी नाही.

मग एका सकाळी दीर मोबाइल घेऊन बसला. चहा थंड व्हायच्या आत त्याने सगळ्यांची केवायसी करून टाकली. माझा अंगठा पण लागला नाही, चेहऱ्यावर झाली. "वहिनी, सर्वर तर मस्त चालू आहे. बंद कधी होता?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. हे पण झोपेतून उठून बसले.

"कुठे जात होतीस?" सासूबाई.

"रांगेत."

"काम केलं नाहीस, मग रांगेत काय करत होतीस?"

"बसत होते."

"रांगेत हौसेनं कोण बसतं गं? वेडी समजतेस मला?"

हे म्हणाले, "खरं सांग, मी रागावणार नाही." मी खरंच सांगत होते, म्हणून तर हे रागावले. सासूबाईंनी तिथल्या तिथे जळगावला फोन लावला, रविवारी येऊन पोरीला घेऊन जा. मुलगी माझ्या मांडीवर फोनची वायर चघळत होती. माझा श्वास परत वर येऊन अडकला. सासूबाई मला म्हणाल्या, "उद्या मीच येते तुझ्या त्या मॅडमकडे. विचारतेच तिला, कसली दवा दिलीये."

दवाखान्यात टोकन मिळालं एकेचाळीस. चालू होता नऊ. सासूबाई बाकावर बसल्या, मुलीला मांडीवर घेतलं. पहिला अर्धा तास रागाने ताठ. मग पाठ भिंतीला टेकली. मग चपला काढून पाय समोर सोडले. माझ्या लग्नानंतर मी त्यांना घरात असं बसलेलं बघितलंच नव्हतं, त्या जेवतात पण ओट्याशी उभ्याने. मुलगी झोपली. सासूबाईंनी पण डोळे मिटले. मी मात्र आकडे मोजत होते. आत गेलो की मॅडम काय सांगतील? कागदावर काय लिहितील? रविवारला तीन दिवस होते.

"एकतालीस!" शिपाई ओरडला.

मी उठले. सासूबाईंनी माझी ओढणी धरली.

"बस."

"आई, आपला नंबर..."

"ऐकू येतं मला." डोळे न उघडताच मागच्या बाईला म्हणाल्या, "तमे जाओ ने, बेन."

मी बसले. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "इथे कोणी चहा मागत नाही?"

"नाही."

"उठ म्हणत नाही?"

"नाही, आई."

"हं," म्हणाल्या, आणि मुलीचं डोकं नीट मांडीवर सरकवलं.

दुपारी एक वाजता नंबर घेणं बंद झालं. मॅडम जेवायला गेल्या. रिक्षात सासूबाईंनी जळगावला फोन केला. "रविवारी येऊ नको गं. पोरगी राहू दे इथेच. आमचं दवाखान्याचं चालू झालंय." ताई काहीतरी म्हणाली असणार, कारण त्या म्हणाल्या, "तिचं एकटीचं नाही, माझं पण."

घरी सासरे वाट बघत होते, चहा नव्हता ना झालेला. "काय म्हणाली डॉक्टरीण?"

"काय म्हणणार? सर्वर डाऊन होता."

दिराने मोबाइलमधून मान वर केली. सासूबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की मान परत खाली गेली.

"पुढच्या गुरुवारी परत बोलावलंय," त्या म्हणाल्या. "दोघींना."