कुंदा वहिनींचं पहिलं पिस्तूल

फौजेत हत्यार निवडायचं नसतं. कोत म्हणजे पलटणीचं शस्त्रागार. त्याच्या खिडकीपुढे उभं राहायचं, नंबर सांगायचा. आतला जवान हत्यार बाहेर सरकवतो. ते खाली, म्हणजे रिकामं, आहे ना हे आपण बघायचं, त्यालाही दाखवायचं आणि सही करायची. एकवीस वर्षं मी हेच केलं. रायफल, कार्बाइन, एलएमजी, पिस्तूल, जे हातात आलं ते माझं. आवडनिवड भाजीत चालते, कोतमध्ये नाही. त्यामुळे बाजारात जाऊन पसंतीनं पिस्तूल घ्यायची वेळ माझ्यावर पन्नाशी उलटल्यावर आली, आणि तीही दुसऱ्याच्या हातासाठी.

मी हवालदार रामटेके, मूळचा मूल गावचा. पेन्शनवर आल्यापासून चंद्रपुरात राहतो. एका कोळसा डेपोची सिक्युरिटी बघतो आणि रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमधल्या दहा मीटरच्या रेंजवर एअर पिस्तूल शिकवतो. येणारे सगळे हौशी. कोणी बँकेतला, कोणी दवाखान्यातला. ऑलिम्पिकला कोणी जाणार नाही, पण रविवार चांगला जातो.

गेल्या हिवाळ्यात कुरखेड्याकडून कुंदा वहिनींचा फोन आला. त्या अंगणवाडी सेविका आहेत.

"भाऊजी, मले एक पिस्तूल घ्याचं हाय."

मी डेपोच्या गेटवर होतो. आधी बाजूला गेलो.

"काऊन वहिनी? कोणाचा त्रास हाय काय?"

"त्रास कायचा? निशाणा लावाचा हाय. शौक म्हणून. पोरगी नागपूरले नोकरीले गेली. संध्याकाळी मी आन् बाबा, दोघंच भिंतीकडे पाहून राह्यलो."

"मंग घ्या की."

"बाबा नाई म्हणतेत. बंदुकीनं एक घेतला, आता घरात दुसरी आणते काय म्हणतेत."

बाबा म्हणजे त्यांचे सासरे, दसरूजी मेश्राम. त्यांचा एकुलता एक मुलगा नाईक प्रल्हाद मेश्राम माझ्या कंपनीत होता. आमच्याच पोस्टवर तो शहीद झाला, त्याला आता पंधराच्या वर वर्षं होऊन गेली. वहिनींचं म्हणणं स्पष्ट होतं. पिस्तूल आणायचं, बाबांपुढे ठेवायचं. ते हो म्हणाले तर घरात राहील. नाही म्हणाले तर मी ते चंद्रपूरला परत न्यायचं. आणि कुरखेड्याहून दर रविवारी चंद्रपूरला येणं अंगणवाडीच्या बाईला जमणारं नाही. म्हणजे नाही म्हटलं की शौक तिथंच संपला.

प्रल्हादबद्दल सांगायला हवं. आमच्या बटालियनमध्ये पिस्तूल म्हटलं की प्रल्हाद. कंपनीत झाडीपट्टीतले, म्हणजे आमच्या चंद्रपूरकडचे, आम्ही दोघंच. इतरांना आमचं बोलणं कळायचं नाही, म्हणून आम्ही अख्ख्या बराकीची टिंगल त्यांच्यासमोरच करायचो. ब्रिगेडच्या कॉम्पिटिशनमध्ये त्यानं पिस्तुलाची ट्रॉफी आणली तेव्हा सीओ साहेबांनी विचारलं, "मेश्राम, राज क्या है?" हा म्हणाला, "साब, गोली तो सीधी ही जाती है. बस, उसे रोकना नहीं चाहिए." साहेब मोठ्यानं हसले. मला अजून त्या दिवसाचा अभिमान वाटतो, जणू ट्रॉफी मीच आणली होती.

सुटीत हत्यार घरी नेता येत नाही आणि हात तर गरम ठेवायचा असतो. म्हणून प्रल्हादनं सागवानाचं पिस्तूल कोरलं होतं. वजनासाठी खाली लोखंडाची पट्टी बांधलेली, वर मागेपुढे सरकणारी खिट्टी. आवारातल्या मातीच्या भिंतीवर चुन्याचा गोल काढून तो रोज सकाळी हात धरून उभा राहायचा. मग घरच्यांनाही उभं करायचा. बायकोला, लहान पोरीला, म्हाताऱ्या बापाला. त्याचा नियम एकच. लाकडाचं असलं तरी दुसऱ्याच्या हातात देताना खिट्टी मागे ओढायची, दाखवायचं आणि म्हणायचं, "खाली हाय, प्रल्हाद." पोरगीसुद्धा बापाला नावानं हाक मारून हे म्हणायची. एका सुटीत मी त्यांच्याकडे मुक्कामी होतो. मलाही म्हणावं लागलं.

वहिनी आधी दोन रविवार माझ्या रेंजवर आल्या. माझा सगळ्यांना सल्ला हाच असतो. दुकानात जाण्याआधी दुसऱ्याच्या पिस्तुलानं भरपूर छर्रे मारा, मग काय हवं ते हातच सांगतो. फौजेत आम्ही पिस्तूल दोन हातांनी धरायचो. या खेळात एकच हात. दुसरा खिशात. वहिनींनी कमरेला खोचलेल्या पदरात घातला आणि नेम धरला. पहिल्या दिवशी छर्रे कागदाच्या कानाकोपऱ्यात. दुसऱ्या रविवारी काळ्या गोलात जायला लागले.

मग दुकान. मालकानं तीन पिस्तुलं काचेवर मांडली.

माझा हात आपोआप पहिल्यावर गेला. काळं, जड, धातूचं, गॅसच्या नळीवर चालणारं, आणि दिसायला हुबेहूब आमच्या सर्व्हिस पिस्तुलासारखं. मी ते उचलून तोललं. काय सांगू, बरं वाटलं.

"हे नोको भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "हे पाह्यलं तं बाबाले काय आठवन?"

मी गुपचूप खाली ठेवलं. तसंही ते कामाचं नव्हतं. खऱ्यासारखं दिसणं हा नेमबाजीत गुण नाही. असल्या पिस्तुलाचे छर्रे कागदावर पांगतात, गॅसची नळी दर थोड्या वेळानं बदलावी लागते आणि ती काही कुरखेड्याच्या किराणा दुकानात मिळत नाही. शिवाय वहिनींच्या नक्षलग्रस्त जिल्ह्यात अशी वस्तू पिशवीतून डोकावली तर कंडक्टर एसटी सरळ ठाण्यातच नेईल.

दुसरं परदेशी, स्पर्धेचं. हवेच्या सिलिंडरवर चालणारं. त्याचा ट्रिगर म्हणजे लोण्यात बोट. पण त्या पैशात सेकंडहँड मोटारसायकल येते आणि सिलिंडर भरायला पंप वेगळा, वायसर गेले तर दुरुस्ती नागपूरला. नेमबाजी पाच वर्षं टिकली तर जरूर घ्यावं. पहिल्या दिवशी नाही.

तिसरं देशी बनावटीचं. बाजूला एक दांडा, तो एकदा ओढून दाबला की एका छर्र्यापुरती हवा भरते. गॅस नको, सिलिंडर नको. लाकडी मूठ, लांब नळी, साधी उघडी साइट.

"हे तं शिलाई मशीनचा पार्ट वाटते," वहिनी म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या.

"म्हणूनच चांगलं," मी म्हणालो.

तरी तीन गोष्टी तपासल्या. पहिली, दांडा. तो त्यांनी स्वतः दहा-पंधरा वेळा ओढून पाहिला, कारण दमलेल्या हाताचा नेम हलतो. दुसरी, ट्रिगर. आधी थोडा मोकळा यावा, मग एका जागी अडावा, मग न हिसकता सुटावा. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, मूठ. मी म्हणालो, "डोळे मिटा. हात वर करा. आता उघडा." डोळे उघडल्यावर पुढची आणि मागची साइट आपोआप एका रेषेत दिसली पाहिजे. मनगट वळवून जुळवावी लागली तर मूठ तुमची नाही. वहिनींची पुढची साइट थोडी डावीकडे जात होती. मूठ तळव्याशी जाड होती. लाकूडच ते, कानस आणि पॉलिश पेपरनं दोन संध्याकाळींत बसतं. महागड्या पिस्तुलाला जे स्क्रूनं होतं ते इथं घासून होतं.

कायद्याचंही विचारून घेतलं. ठराविक ताकदीच्या आतल्या एअर पिस्तुलाला सध्या परवाना लागत नाही. ओळखपत्र मात्र दुकानात द्यावं लागतं. वहिनींना मी ठाण्यातही सांगून ठेवायला लावलं. आपल्या भागात लपवाछपवी बरी नाही.

पैसे दिल्यावर मालकानं पिस्तूल त्यांच्या हातात ठेवलं. वहिनींचं बोट ट्रिगरच्या बाहेर, सरळ. नळी जमिनीकडे. त्यांनी दांडा उघडला, छर्रा बसवायच्या जागी डोकावल्या आणि पिस्तूल माझ्यापुढे धरलं.

"खाली हाय, भाऊजी."

हे मी त्यांना शिकवलेलं नव्हतं. रेंजवर पिस्तूल टेबलावर ठेवायचं असतं, हातात द्यायचं नसतं. मालक म्हणाला, "बाई फौजेत होत्या का?" मी तोवर मनानं आमच्या पोस्टवर पोचलो होतो.

ती पोस्ट नियंत्रण रेषेवर, डोंगराच्या खांद्यावर होती. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन सगळे आपापल्या जागी, मग चहा, मग हत्यारांची सफाई, मग पाणी आणणारी पार्टी खाली झऱ्यावर. रोज तेच. त्या सकाळी सव्वासहाला पार्टी उतरत असताना समोरून फायर आला. बाकीचे खडकाआड झाले. एक शिपाई उघड्या पायवाटेवर पडला. मांडीत गोळी. नवीनच आलेला होता.

प्रल्हाद आणि मी वरच्या मोर्चात, म्हणजे खंदकात होतो; वायरलेस सेट माझ्याकडे होता.

"वन फॉर कंट्रोल. वन कॅज्युअल्टी. ट्रॅक पर है. ओव्हर."

"कंट्रोल फॉर वन. होल्ड पोझिशन. कव्हरिंग फायर दे रहे हैं. ओव्हर."

प्रल्हाद रॉकेट लाँचरचा नंबर एक, म्हणजे तो डागणारा होता, म्हणून त्याचं स्वतःचं हत्यार पिस्तूल. त्यानं लाँचर बाजूला ठेवला.

"कव्हर दे, रामटेके. पोराले आणतो."

"थांब. आपला फायर येऊ दे."

"त्याचं रक्त थांबन काय?"

तो गेला. सरपटत गेला, पोराला पट्ट्याला धरून ओढत आणलं आणि आधी त्याला मोर्चात ढकललं. स्वतः काठावर असताना गोळी मानेत लागली. मी त्याला आत घेतलं. साडेसहाला प्रल्हाद गेला. पोरगा वाचला. आज तो जेसीओ आहे, माझ्याहून वरच्या हुद्द्यावर.

फायर थांबल्यावर हुकूम आला, हत्यारं खाली करा. बाकीचे मोर्चावर होते. बंकरमध्ये प्रल्हाद आणि मी. मी त्याच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढलं. मॅगझिन काढलं, स्लाइड ओढली, चेंबरमधला राउंड खाली पडला. नियम असा की दुसऱ्याला दाखवायचं. दुसरा तोच होता. मी ते त्याच्यापुढे धरलं आणि म्हणालो, "खाली हाय, प्रल्हाद." मग मला रडू आलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, माझ्या बायकोलाही नाही.

त्याला घेऊन गावात मीच आलो होतो. सलामी झाल्यावर दसरूजींनी मला एकच विचारलं. "त्याची बंदूक कुठी हाय?" मी म्हणालो, "जमा केली." ते म्हणाले, "चांगलं केलं." त्यानंतर त्या घरात कोणी बंदुकीचं नाव काढलं नाही.

पिस्तूल घेऊन मी आणि वहिनी दुपारी गावात पोचलो. बाबा आवारात खाटेवर बसले होते. ऐंशीच्या पुढचे, एका डोळ्यानं कमी दिसतं, आवाज मात्र सुभेदाराचा.

"जय भीम, बाबाजी."

"जय भीम. आणलं काय?"

मी पूर्ण तयारीनं आलो होतो. ताकद किती, परवाना का नाही, छर्रे अडवायला कागदामागे चिंध्या भरलेली पेटी कशी लावायची, चष्मा कसा घालायचा. ट्रेनिंग लेक्चरसारखं सुरू केलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"मी नाई म्हटलं तं?"

"तं भाऊजी वापस घेऊन जातील," वहिनी म्हणाल्या. "मी काईच म्हणणार नाई."

"दाखव."

वहिनींनी डबा उघडला. पिस्तूल काढून त्यांनी धांदलीत तसंच पुढे केलं. बाबांनी घ्यायला हात लांबवला आणि मध्येच मागे घेतला.

"अशी देते काय? पयले खाली करून दाखव."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी दांडा उघडला. बाबा वाकले, चांगला डोळा जवळ नेऊन नीट पाहिलं आणि मगच पिस्तूल हातात घेतलं. तोललं.

"लाकडाच्यापरीस हलकं हाय," ते म्हणाले.

पिस्तूल त्यांनी डब्यात ठेवलं. ते काठी घेऊन उठले आणि भिंतीकडे गेले. भिंत नुकतीच सारवलेली होती. मधोमध एक हातभर जागा जुन्याच मातीची होती आणि तिच्यावर चुन्याचा गोल होता. पुसट, पण पूर्ण. इतकी वर्षं दरवेळी भिंत सारवताना म्हाताऱ्यानं तेवढी जागा सोडली होती. मला हे माहीत नव्हतं. वहिनींना माहीत होतं.

"इथीच लाव तुयी पेटी," बाबा म्हणाले. "अंतर त्यानंच मोजून ठेवलं हाय."

आम्ही गोलाच्या पुढ्यात पेटी टेकवली, कागद लावला, आवारातली कोंबडी हाकलली. वहिनींनी चष्मा घातला, एक हात पदरात घातला. पाच छर्रे. तीन काळ्यात गेले. चांगला स्कोअर आहे, मी शिक्षक म्हणून सांगतो. पाचवा झाल्यावर त्यांनी दांडा उघडला आणि न सांगता पिस्तूल बाबांपुढे धरलं. बाबांनी डोकावून पाहिलं. मग ते आमच्याकडे नाही, भिंतीकडे वळले.

"खाली हाय, प्रल्हाद."

मी सावधान उभा राहिलो.