गॅलरीखालचा माणूस

"आवाज झाला का हो?"

असं म्हणून ते थांबायचे. एका हाताचा तळवा गॅलरीच्या खांबावर टेकलेला, मान किंचित कलती, डोळे मिटलेले. वर शंभर माणसं ओरडत असली तरी यांना खालच्या लाकडाचा आवाज ऐकायचा असे. आपण "नाही हो काका, कसला आवाज?" म्हटलं की डोळे उघडायचे, हसल्यासारखं करायचे आणि पुढच्या खांबाकडे जायचे. अशी सदा काळजी करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण तुमच्यातल्या कुणी त्यातल्या एकाला भर मैदानात उतरताना पाहिलं असेल, असं मला वाटत नाही.

अख्खं गाव त्यांना सेक्रेटरी म्हणे. मी काका म्हणायचो. माझी कोर्टात कारकुनी होती आणि संध्याकाळी मी क्लबकडून लेफ्ट बॅक खेळायचो.

मैदान मुळात त्यांच्याच घरचं. अलिबागच्या खालच्या अंगाला, खाडी आणि नारळाच्या वाड्या यांच्यामधली ती भाताची जमीन. त्यांच्या लहानपणी खाडीचा बांध फुटला, खारं पाणी आत आलं आणि जमीन कायमची गेली. भात पिकेना, तेव्हा पोरं तिथे चेंडू लाथाडू लागली. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमारास गावाने क्लब काढला आणि काकांनी ती जागा क्लबला देऊन टाकली. सेक्रेटरीपद त्या जागेबरोबरच त्यांच्या गळ्यात पडलं.

सोयी म्हणाल तर एक कौलारू खोली कपडे बदलायला, एक विहीर, तीही मचूळ. प्यायचं पाणी काकांच्या वाडीतून हंड्याने यायचं. गोलचे खांब एका मोडीत काढलेल्या गलबताच्या डोलकाठीचे होते. बाहेरगावचे खेळाडू हसायचे, पण चेंडू त्या डोलकाठीवर आपटला की असा घुमायचा, की आम्हाला अभिमान वाटे.

आणि गॅलरी. माडाच्या खोडांचे खांब, त्यावर फळ्या, काथ्याच्या दोरांनी आवळलेल्या. गावानेच उभी केली. नागावकडून, चौलकडून माणसं मॅच बघायला यायची ती निम्मी त्या गॅलरीसाठी. तिथे बसलं की खाडीवरच्या होड्याही दिसायच्या.

काकांना मात्र तिथून काही दिसलं नाही, कारण ते कधी वर बसलेच नाहीत. मॅच चालू असताना ते फळ्यांच्या खाली, अंधारात फिरत. वरून शेंगांची टरफलं डोक्यावर पडत. एकदा आम्ही तीन गोलांनी जिंकलो आणि नाचत त्यांच्याकडे गेलो, तर म्हणाले, "छान, छान. नाचलात ते जमिनीवरच ना?"

आम्ही त्यांची थट्टा करत असू. त्यांच्या समोरसुद्धा. ते रागवत नसत.

एकदा कपडे बदलायच्या खोलीत आम्ही दोघेच होतो. मी बुटाच्या नाड्या सोडत होतो. ते आपणहून बोलले, "बांध फुटायच्या आधी आवाज येत होता. बारीक, चुळचुळ असा. मी वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, उद्या बघू." मग म्हणाले, "तो उद्या काही बरा उगवला नाही." मी नाड्यांकडेच बघत राहिलो.

मग ती मॅच आली. मुंबईच्या एका गिरणीचा संघ आमच्याकडे फायनल खेळायला आला. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला, तिथून ट्रकने. क्लबचे अध्यक्ष गावातले वकील, त्यांनी मामलेदारांना बोलावलं होतं. गॅलरीच्या पहिल्या ओळीत त्यांना बसायला गादीचा कोच टाकला होता. लांबलांबच्या गावांहूनही माणसं आली होती. गॅलरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मागे तर पोरं दोरांना लटकली होती.

काका सकाळपासून जेवले नव्हते. मी मैदानात उतरताना माझा दंड धरून म्हणाले, "अर्धी माणसं खाली बसली तर? वकीलसाहेबांना सांगतोस का तू?" मी म्हटलं, "काका, आज तरी खेळ बघा."

मध्यंतराला एक-एक अशी बरोबरी होती. मी लिंबू चोखत उभा होतो. काका गॅलरीखालून आले ते पांढरेफटक पडून. ते सरळ वकिलांकडे गेले.

"साहेब, गॅलरी रिकामी करा."

"काय झालं?"

"आवाज झाला."

"अहो, मामलेदारसाहेब बसलेत! दर मॅचला होतो तुमचा आवाज. जा, सरबताचं बघा."

काका जागेवरच उभे राहिले. शिट्टी वाजली. चेंडू मध्यावर ठेवलेला होता. आणि मग हा माणूस, जो कमिटीत बोलायच्या आधी परवानगी मागायचा, धोतराचा सोगा सावरत मैदानात चालत गेला, त्याने चेंडू उचलला आणि पोटाशी धरून तिथेच खाली बसला.

आधी सगळे हसले. मग ओरडा सुरू झाला. "ओ सेक्रेटरी, बॉल सोडा!" "येड लागलं काय?" कुणीतरी नारळाची करवंटी फेकली. रेफ्रीने शिट्ट्या वाजवून पाहिल्या. गिरणीचा कप्तान कपाळाला हात लावून उभा राहिला.

मी धावत गेलो. "काका, द्या तो बॉल. लोक मारतील."

त्यांनी चेंडू आणखी घट्ट पोटाशी आवळला. "मारू दे. आधी उतरव त्यांना. उतरव रे. मी उठणार नाही."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मलाही भीती वाटली. गॅलरीची की त्यांची, ते आजही सांगता येणार नाही. मी आणि आमचा कप्तान गॅलरीसमोर गेलो, हात जोडले, उतरा म्हणून विनवलं. माणसं शिव्या घालत उतरली. मामलेदार उतरले. वकील मान खाली घालून उतरले. शेवटचा माणूस उतरेपर्यंत काका चेंडू धरून बसले होते.

उरलेली मॅच लोकांनी कडेला उभं राहून पाहिली. पाहिली तरी काय? सगळ्यांचे डोळे रिकाम्या गॅलरीकडे. आता पडेल, मग पडेल. आम्हीही खेळता खेळता तिकडेच बघत होतो. एका गोलाने हरलो.

गॅलरी पडली नाही.

दुसऱ्या दिवशी कमिटी बसली. वकील म्हणाले, "गावाची अब्रू गेली." काका म्हणाले, "हो." राजीनामा मागायच्या आतच त्यांनी दिला. फक्त एवढंच म्हणाले, "ती उतरवून घ्या."

सुताराने गॅलरी मोडली तेव्हा आम्ही सगळे जमलो होतो. मागचे दोन खांब बुडाशी वाळवीने पोकळ झालेले निघाले. बाकीचे धडधाकट होते. वकिलांनी विचारलं, "मग? पडली असती का?"

सुतार म्हणाला, "पडली असती, न्हाय बी पडली असती. मना काय ठावं?"

मी काकांना घरापर्यंत सोडायला गेलो. वाटलं, दोन खांब तरी निघाले, यांना बरं वाटलं असेल. वाडीच्या बेड्यापाशी, त्या बांबूच्या फाटकाशी, ते थांबले. म्हणाले, "दुसऱ्या हाफमध्ये मला वाटत होतं, पडू दे. रिकामी आहे, आता पडू दे. म्हणजे लोकांना पटेल." त्यांचा आवाज बारीक झाला. "असं कसं रे वाटलं मला? गावाने बांधलेली ती."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. वयाने एवढ्या मोठ्या माणसाच्या पाठीवर मी तेव्हा पहिल्यांदाच हात ठेवला.

पुढे क्लबने जांभ्या दगडाच्या पायऱ्या बांधल्या, एका बाजूला, मातीच्या भरावावर. त्याला काही वर्षं लागली. पायऱ्या पुऱ्या व्हायच्या आधीच काका तापाने गेले. आठ दिवसांचं दुखणंही झालं नाही.

पायऱ्यांवरच्या पहिल्या मॅचला मी काकूंना घेऊन गेलो. काकांच्या हयातीत त्या मैदानावर कधी आल्या नव्हत्या. पायऱ्या गच्च भरल्या होत्या. काकू कडेला, पदर आवळून बसल्या.

"घरी फुटबॉलचं कधी काही बोलले नाहीत," त्या म्हणाल्या. "झोपेत मात्र 'उतरा, उतरा' करायचे. मी विचारायचे, कोण उतरा? तर कूस बदलायचे."

इतक्यात आमच्या संघाने गोल केला. सगळी माणसं एकदम उठली, नाचली, पाय आपटले. काकूंनी दचकून माझं मनगट घट्ट धरलं. सगळे परत बसले तरी त्यांनी ते सोडलं नाही. त्या खाली दगडाकडे बघत होत्या. मग हळूच मोकळा हात त्यावर फिरवला.

"पुन्हा उठतील का हो हे सगळे?"

"गोल झाला की उठतील, काकू."

त्यांनी माझं मनगट सोडलं, चष्मा पुसून पुन्हा लावला आणि मैदानाकडे तोंड केलं.

"मग होऊ द्या की."